वाळवंटात चिलखती गाड्यांचे फोटो धूसर, डागाळलेले येतात : कुठून तपासायला लागायचं

आधी लक्षणं. तुमची तक्रार यातली कोणती, ते नीट ओळखा, कारण इथे पुढचं अर्धं काम होतं.

– लांबच्या रणगाड्याच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. तोफेची नळी सरळ असते, पण फोटोत ती लहरत जाते. जवळचे फोटो मात्र स्वच्छ.
– पहिल्या पाच-दहा फोटोंवर दुधाळ पडदा, नंतर तो आपोआप जातो.
– दुधाळपणा दिवसभर राहतो आणि सूर्य समोर आला की वाढतो.
– गाडी काळपट, वाळू राखाडी. किंवा उलट, सगळंच फिकट.
– फ्लॅश मारल्यावर पांढरे गोल ठिपके, दर फोटोत वेगळ्या जागी.
– आकाशात करडे डाग, दर फोटोत त्याच जागी.
– झूम फिरवताना करकर. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स बाहेर आली की आत जात नाही.

मी 2008 ते 2011 कुवेतच्या वाळवंटात एका लष्करी यार्डात कंत्राटी कामावर होतो. इराकमधून परत येणाऱ्या अमेरिकन गाड्यांची नोंद करायची, म्हणजे प्रत्येक गाडीचे चारही बाजूंनी फोटो, बंपरवरचा नंबर, मीटरचं रीडिंग आणि दिसेल ती मोडतोड. हमव्ही (जीपसारख्या लष्करी गाड्या), एमरॅप (सुरुंगाला तोंड देणाऱ्या जड चिलखती गाड्या), आठ चाकांच्या चिलखती स्ट्रायकर, ट्रेलरवर चढवून आणलेले एब्रॅम्स रणगाडे. अमेरिकन फौजेचा शेवटचा ताफा 18 डिसेंबर 2011 ला सीमा ओलांडून कुवेतमध्ये आला. त्याआधीचे काही महिने तर गाड्यांची रांग संपतच नव्हती. रोजचे दोन-अडीचशे फोटो, आणि फोटो वाचता आला नाही तर त्या गाडीपाशी पुन्हा जायचं, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात. त्यामुळे बिघाड शोधायला मी आधी स्वतःसाठी शिकलो. मग यार्डातली माणसं कॅमेरे घेऊन येऊ लागली, आणि नंतर तैनातीवरचे जवानही. साताऱ्याकडचा एक पोरगा तर दर पंधरवड्याला यायचा, "दादा, कॅमेरा गेला बघा." दहातल्या आठ वेळा कॅमेरा गेलेला नसायचा.

आता तपासण्या. फुकट आणि सोप्या आधी, अवघड आणि खर्चिक शेवटी. हा क्रम मोडू नका. बहुतेक कॅमेरे बिघडताना मी पाहिले ते धुळीने नव्हे, तर कोणीतरी घाईने थेट सेन्सरला (लेन्सच्या मागे, प्रकाश टिपणाऱ्या भागाला) हात घातल्यामुळे.

कॅमेऱ्याला हात लावण्याआधी

परवानगी आहे का? याचा धूसरपणाशी संबंध नाही, पण युद्धक्षेत्रात सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. माझ्याकडे नोंदीच्या फोटोंसाठी लेखी परवाना होता, तरी चिलखत भेदलं गेलेली जागा, अँटेना आणि जॅमरची (शत्रूचे रेडिओ सिग्नल अडवणाऱ्या यंत्राची) पेटी, आतले स्क्रीन यांचे फोटो वेगळ्या परवानगीशिवाय घ्यायचे नाहीत, असा स्पष्ट आदेश होता. जखमी, मृत किंवा कैदी फ्रेममध्ये येता कामा नयेत. शंका आली तर कॅमेरा खाली, आणि जबाबदार अधिकाऱ्याला विचारा.

मोबाइल किंवा कॅमेऱ्यातलं जीपीएस बंद करा. 2007 मध्ये इराकच्या एका तळावर नवी हेलिकॉप्टर आली, जवानांनी त्यांचे फोटो इंटरनेटवर टाकले, फोटोत ठिकाणाची नोंद होती. तिच्यावरून शत्रूने उखळी तोफांचा मारा केला आणि चार अपाची हेलिकॉप्टर नष्ट झाली. हे उदाहरण अमेरिकन लष्करानेच पुढे जाहीरपणे सांगितलं. एका फोटोची किंमत एवढी असू शकते.

आणखी एक, फुटलेल्या जुन्या रणगाड्यांवर फोटोसाठी चढू नका. इराकशी झालेल्या 1991 आणि 2003 च्या दोन्ही युद्धांत डिप्लीटेड युरेनियमचे (जास्त किरणोत्सारी भाग बराचसा काढून घेतलेल्या, तरी विषारी युरेनियमचे) तोफगोळे वापरले गेले. ज्या सांगाड्याला काय लागलंय ते माहीत नाही, त्याच्या आत शिरणं, तिथली धूळ अंगावर आणि श्वासात घेणं, हे करू नये. न फुटलेला दारूगोळा हा धोका तर आहेच.

पहिली तपासणी : दोष हवेचा आहे का

तीन मीटरवरच्या एखाद्या वस्तूचा फोटो घ्या, जेरीकॅन, चाक, काहीही. तो धारदार आला आणि तीनशे मीटरवरची गाडी मऊ आली, तर कॅमेरा ठीक आहे. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर उठते, तिची घनता जागोजागी वेगळी असते, आणि प्रकाश त्यातून वाकत वाकत येतो. खात्री करायची तर एकाच जागेवरून लागोपाठ दहा फोटो काढा. दर फोटोत कड वेगळ्या जागी वाकलेली दिसली तर ती हवाच. चुकलेला फोकस किंवा लेन्सचा दोष दहाही फोटोंत सारखा दिसतो.

याला महाग लेन्स हा उपाय नाही. लांब लेन्स ती लहर उलट मोठी करून दाखवते, आणि कंपन रोखणारी सोय हाताचं थरथरणं थांबवते, हवेचं नाही. उपाय दोनच. जवळ जा, किंवा सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात या. जमिनीपासून थोडं उंच उभं राहिलं तरी फरक पडतो, कारण सगळ्यात जास्त खळबळ जमिनीलगतच्या थरात असते. मी ट्रेलरच्या पाटीवर उभा राहून कितीतरी फोटो वाचवले.

एब्रॅम्सची गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्याचं इंजिन 1500 अश्वशक्तीचं गॅस टर्बाइन आहे आणि गरम हवा मागच्या जाळीतून बाहेर पडते. इंजिन चालू असताना मागून फोटो काढला तर पहाटेही मागची बाजू पाण्यात बुडाल्यासारखी येते. आमच्याकडच्या एका मुलाने या कारणासाठी दोन लेन्स बदलल्या होत्या. बाजूने काढा किंवा इंजिन बंद होऊ द्या.

दुसरी : प्रकाशाचं मोजमाप

कॅमेऱ्याचं मीटर समोर जे येईल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. समोर उजळ वाळू, वर पांढरं आकाश आणि मधे वाळूच्याच रंगाची मॅट गाडी असली की मीटर सगळं मध्यम करड्यावर आणायला बघतं. म्हणून वाळू राखाडी होते आणि गाडीच्या पोटाखालचा भाग काळा. एक्स्पोजर +1 करून पाहा. 2003 च्या चढाईत जंगली हिरव्या रंगातल्या गाड्याही बऱ्याच होत्या. तशी गडद गाडी पूर्ण फ्रेम भरत असेल तर उलट, थोडं वजा. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढत असाल तर नंतर सुधारता येतं, पण पांढरं जळालेलं आकाश परत येत नाही.

सावलीतला बंपर नंबर वाचण्यासाठी फ्लॅश वापरला आणि पांढरे गोळे आले, तर ते लेन्ससमोर तरंगणाऱ्या धुळीचे कण आहेत. गाडी नुकतीच थांबली असेल तर धुरळा बसेपर्यंत पाच मिनिटं थांबा. दर फोटोत त्यांची जागा बदलते, हे लक्षात ठेवा. पुढे सेन्सरचे डाग ओळखताना याच फरकाचा उपयोग आहे.

तिसरी : वाफ

पहिल्या काही फोटोंवर पडदा आणि मग सगळं स्वच्छ, तर ही वाफ. रात्रभर एसीच्या कंटेनरमध्ये बावीस अंशांवर राहिलेला कॅमेरा बाहेर आणला की हवेतलं पाणी त्याच्या थंड काचेवर बसतं. वाळवंटात कुठलं आलंय पाणी, असं वाटतं. पण कुवेत आखाताच्या काठावर आहे. वायव्येचा कोरडा शमाल वाहत असतो तेव्हा हा त्रास जवळजवळ नसतो. वारा फिरून आग्नेयेकडून, समुद्रावरून यायला लागला की, त्याला तिकडे कौस म्हणतात, ऑगस्टमध्ये हवा रत्नागिरीसारखी चिकट होते आणि दर सकाळी लेन्स पांढरी. इराकमध्ये आत, पश्चिमेच्या अनबार प्रांताकडे असलेल्यांना हे क्वचित सोसावं लागायचं, म्हणून त्यांना कारण चटकन कळायचं नाही.

पुसू नका. काचेवर आधीच धूळ असते, त्यात पाणी मिसळलं की चिखल होतो, आणि कापडाने तो चिखल काचेवर घासला जातो. लेन्सही काढू नका, नाहीतर तीच ओली हवा आत सेन्सरवर जाते. एसीमध्ये असतानाच कॅमेरा झिपलॉक पिशवीत घालून हवा दाबून काढा, पिशवी बंद करा आणि बाहेर सावलीत अर्धा तास ठेवा. पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला बसेल. कॅमेरा हवेइतका कोमट झाला की काढा. पिशवी उन्हात किंवा गाडीच्या पत्र्यावर ठेवू नका. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान 40 अंशांपर्यंतच दिलेलं असतं, आणि दुपारी चिलखताला उघडा हात लावता येत नाही.

चौथी : पुढची काच

दुधाळपणा जात नसेल आणि सूर्य समोर असताना वाढत असेल, तर लेन्सची पुढची काच तिरपी धरून टॉर्चने बघा. तिथली धूळ पिठासारखी बारीक असते. ती फोटोत ठिपके म्हणून दिसत नाही, कारण पुढची काच इतकी जवळ असते की तिच्यावर फोकस होतच नाही. ती प्रकाश विखुरते आणि काळ्याचा काळेपणा जातो.

आधी रबरी ब्लोअरने फुंकर, मग मऊ ब्रश, मग पुन्हा ब्लोअर, आणि सगळ्यात शेवटी लेन्सचा कागद व द्रव. या क्रमाला कारण आहे. वाळूतल्या क्वार्ट्झची कठीणता मोहस मापनावर 7, साध्या काचेची साडेपाचच्या आसपास. म्हणजे वाळूचा एक कण काचेवर घासला तर ओरखडा काचेवरच उठणार. गळ्यातल्या रुमालाने किंवा टी-शर्टच्या टोकाने पुसायची सवय मी सगळ्यात आधी मोडायला लावत असे. त्या कापडाच्या धाग्यात वाळू असतेच.

यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर तो काढून एक फोटो काढा. फरक पडला तर फिल्टर बदला आणि पुढे जाऊ नका. वाळू मारून मारून फिल्टर दळलेल्या काचेसारखा होतो, आणि नवा फिल्टर लेन्सच्या काचेपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. घरी मी एरवी फिल्टर लावत नाही. वाळवंटात मात्र लावल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

पाचवी : डाग लेन्सवर की सेन्सरवर

डाग दर फोटोत त्याच जागी असतील तर दुसरी लेन्स लावून बघा. डाग तिथेच राहिले तर ते सेन्सरचे. ही अदलाबदल बंद खोलीत करा, एसीचा पंखा थांबवून.

मग खरी चाचणी. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) सगळ्यात कमी, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/16 किंवा एफ/22, म्हणजे अगदी लहान, कारण आकडा मोठा तसं छिद्र लहान, फोकस हाताने अनंतावर, आणि मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो. हात हलला तर हलू द्या, डाग कॅमेऱ्यातच असल्यामुळे ते हलत नाहीत. छिद्र एवढं लहान का? धूळ प्रत्यक्ष सेन्सरवर नसते, त्याच्या वरच्या पातळ काचेवर असते. मोठ्या छिद्रातून प्रकाश सगळ्या बाजूंनी येतो आणि कणाची सावली पसरून नाहीशी होते. लहान छिद्रातून तो जवळजवळ सरळ येतो आणि सावली ठसठशीत पडते. म्हणूनच एफ/4 वर काढलेले फोटो स्वच्छ आणि भर दुपारी एफ/16 वर काढलेले डागाळलेले. लोकांना वाटतं बिघाड येतो-जातो. तो जात नाही, फक्त दिसेनासा होतो.

कॅमेऱ्याकडे तोंड करून आत बघताना फोटोत वरचा डाग सेन्सरवर खाली असतो, डावा मात्र डावीकडेच. हे लिहून जवळ ठेवा, नाहीतर तुम्ही भलताच कोपरा साफ करत राहाल.

दोन-चार फिके डाग असतील तर काही करू नका, एफ/8 वर काम चालू ठेवा. नोंदीच्या फोटोला तेवढं पुरतं.

सहावी : कोरडी सफाई

कॅमेऱ्यातच सेन्सर हलवून धूळ झटकायची सोय असेल तर तीन-चार वेळा चालवा. झटकलेली धूळ खालच्या चिकट पट्टीवर बसते, म्हणून कॅमेरा सरळ, टेबलावर ठेवलेला हवा.

तेवढ्याने भागलं नाही तर ब्लोअर. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, कारण मेनूतून आरसा वर केल्यावर मधेच बॅटरी संपली तर आरसा आणि सेन्सरपुढचा पडदा (शटर) खाली येतो, आणि तेव्हा आत काही असेल तर ते मोडतं. कॅमेरा जमिनीकडे तोंड करून धरा, ब्लोअरचं टोक लेन्स बसते त्या रिंगच्या आत जाऊ देऊ नका, आणि दहा-पंधरा फुंकरी मारा. त्याआधी दोन-तीन फुंकरी बाहेर हवेत मारा, ब्लोअरच्या पोटातही वाळू असते. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब सुकून पक्के बसतात. कॉम्प्युटर साफ करायचा दाबाच्या हवेचा डबा तर नकोच, त्यातून द्रव उडतो.

जागा कुठली? कॅम्पात सगळ्यात स्वच्छ हवा मला सापडली ती शॉवरच्या कंटेनरमध्ये, रात्री उशिरा, सगळ्यांच्या आंघोळी होऊन वाफ बसल्यावर. पाण्याने धूळ खाली बसलेली असते. तंबूत किंवा बंकवर हे काम कधीच करू नका.

इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते बॅगेबद्दल. कॅमेरा साफ केला, चार दिवसांत डाग परत, असं ज्यांच्या बाबतीत होत होतं, त्यांतल्या बहुतेकांच्या बॅगेच्या तळाशी मूठभर वाळू निघायची. गाडीत बॅग हादरते, वाळू उडते, लेन्सच्या मागच्या टोपणात बसते, आणि लेन्स लावली की सेन्सरवर. बॅग उलटी करून झटका, व्हॅक्यूमने ओढून घ्या, टोपणं साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. कॅमेरा बॅगेतही झिपलॉकमध्येच ठेवा. आणि मैदानात लेन्स बदलू नका. गाड्यांच्या कामाला एक रुंद ते मध्यम झूम लेन्स पुरते, ती, लेन्स आणि कॅमेऱ्याच्या सांध्यावर टेप मारून, महिनाभर कॅमेऱ्यावरच राहू द्या. हे सुरू केल्यावर माझी सेन्सरची सफाई आठवड्यावरून दीड-दोन महिन्यांवर गेली.

सातवी : ओली सफाई

ब्लोअरने न हलणारे, गोल आणि उजळ कडेचे डाग बहुधा तेलाचे असतात. उष्णतेने आतलं ग्रीस पातळ होऊन उडतं. त्यांना ओला स्वॅब (सेन्सर पुसायची, टोकाला मऊ कापड लावलेली काडी) लागतो. स्वॅबची रुंदी तुमच्या सेन्सरच्या उंचीइतकी हवी, फुलफ्रेमला (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला) 24 मिमी, लहान सेन्सरला सोळाच्या आसपास. आधी ब्लोअर, हे विसरायचं नाही, कारण आत राहिलेला वाळूचा एक कण स्वॅबखाली फरफटत जातो. एका बाजूने एक सरळ फेरी, स्वॅब उलटून दुसऱ्या बाजूने परतीची फेरी, आणि तो स्वॅब टाकून द्या. काटकसर म्हणून तोच पुन्हा वापरू नका. स्वॅब भिजवायच्या द्रवाची, म्हणजे मिथेनॉलची बाटली ज्वालाग्राही असते, विमान टपालाने येत नाही आणि इंधनाच्या यार्डात खिशात ठेवायची वस्तू नव्हे. आधीच भिजवलेले बंद पाकिटातले स्वॅब मागवा.

हात थरथरत असेल, झोप झालेली नसेल, त्या दिवशी हे करू नका. दोन प्रयत्नांत डाग गेला नाही तर तिसरा करू नका.

इथे थांबा, कारागिराकडे द्या

झूमची करकर ब्लोअरने, लेन्स खाली तोंड करून फुंकल्यावरही गेली नाही, तर झूमची रिंग फिरवणं बंद. प्रत्येक फेरीला वाळू आतली खाच कापते. छोट्या कॅमेऱ्याची अडकलेली लेन्स बोटाने दाबून आत ढकलू नका. आतले दात प्लास्टिकचे असतात, ते तुटले की दुरुस्तीचा खर्च नव्या कॅमेऱ्याएवढा होतो.

मोठ्या छिद्रावर फोटो बरोबर आणि एफ/8 च्या पुढे सगळे पांढरे, तर छिद्राच्या पात्यांवर तेल आलं आहे आणि ती चिकटतात. हे लेन्स उघडल्याशिवाय होत नाही. पडदा वाकलेला दिसला, सेन्सरच्या काचेवर ओरखडा दिसला, कॅमेरा पाण्यात पडला, तरीही थांबा. लेन्सच्या आत, काचांच्या मधे दोन-चार कण दिसले तर मात्र घाबरू नका, ते फोटोत येत नाहीत. तेवढ्यासाठी लेन्स उघडायला देऊ नका.

तळावर कॅमेऱ्याचा कारागीर नसतो. शहरात द्या किंवा सुट्टीवर जाणाऱ्याबरोबर घरी पाठवा. पण आपल्याकडच्या कारागिराला काय झालंय ते नीट सांगा. त्याला कोकणातल्या दमट हवेतून आलेल्या लेन्सची सवय, म्हणून तो आधी बुरशी शोधतो, आणि बुरशीसाठी पुसायला लागला तर वाळू घासली जाते. बॅटरी काढा, दोन्ही टोपणं लावा, पिशवी बंद करा. आत एक कागद ठेवा, त्यावर लिहा : "वाळवंटात वापरलेला, आत वाळू आहे, चालू करू नये, आधी उघडून साफ करावा", आणि त्याखाली कुठल्या छिद्रावर काय दिसतं ते. सोबत आकाशाच्या चाचणीच्या फोटोची छापील प्रत द्या. मेमरी कार्ड मात्र काढून तुमच्याकडेच ठेवा, कारण त्यात गाड्यांचे फोटो आहेत.